देव्हाऱ्यावरचा केशरी दिवा

"उघडली! फाइल उघडली!"

आमच्या सानपाड्याच्या ऑफिसात एकच गलका झाला. आर्किटेक्ट, ड्राफ्ट्समन, हिशेबवाले, रिसेप्शनवरची मुलगी, झाडून सगळे देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभे होते. मध्ये धर्मराज महाराज, डोळे मिटलेले, तळहात सर्व्हरच्या कपाटावर. सकाळपासून नुसतं चक्र फिरवणारा एका टॉवरचा नकाशा त्यांच्या फुंकरीसरशी पडद्यावर हजर झाला होता. आमचे मालक हिरामणशेठ भरल्या डोळ्यांनी महाराजांच्या पाया पडले.

हे सगळं मी काचेच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये बसून पाहत होते. मला आत जायला बंदी होती. सर्व्हर मंदावला तो म्हणे माझ्यामुळे.

मी वैदेही, या ऑफिसात नकाशे काढते. गेल्या पावसाळ्यात माझा नवरा गेला. काही दिवस घरी राहून मी कामावर परत आले आणि त्याच आठवड्यात सर्व्हर रडू लागला. ऑफिसातले सगळे नकाशे त्या एकाच सर्व्हरवर असतात आणि प्रत्येकजण आपापल्या टेबलावरून तिथलीच फाइल उघडतो. ती उघडेना, उघडली तर सेव्ह होईना. तेव्हा शेठनी महाराजांना बोलावलं.

महाराज पक्के आजच्या काळातले. "डेटा म्हणजे लक्ष्मी," ते म्हणाले, "आणि लक्ष्मी चंचल! तुमच्या वायरीत राहू शिरलाय. निगेटिव्ह व्हायब्रेशन. घरात नुकतं कुंकू पुसलेलं कोण आहे?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग महाराजांनी देव्हाऱ्याच्या वर, भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं. सगळ्या टेबलांच्या आणि सर्व्हरच्या तारा त्या पेटीत येतात आणि प्रत्येक तारेचा एक छोटा दिवा लुकलुकतो. बाकी दिवे हिरवे होते, एक तेवढा केशरी. "बघा! साक्षात देवाने खूण दिली. देव इथे जागा आहे, पण दोष हटत नाही." पेटीला लाल धागा बांधला गेला आणि त्या केशरी दिव्याला रोज ओवाळणं सुरू झालं.

माझं टेबल पॅसेजमध्ये आलं. फाइल उघडली की महाराजांची कृपा, अडली की माझी सावली. दोन्हीकडून मीच अडकलेली. राजीनामा फेकून मोकळं व्हावं असं रोज वाटायचं. पण मी गेले आणि उद्या कोणी सर्व्हर दुरुस्त केला, तर सानपाडा ते जुईनगर सगळीकडे हेच म्हणणार, ती गेली आणि बरकत आली. मग कोणत्या ऑफिसात मला कोण उभं करणार? एका दुपारी तर, लाज वाटते सांगायला, मीच मनात म्हटलं, खरंच असेल का माझ्यात काही?

ऑफिसची कंप्युटरची कामं प्रितेश बघायचा, जवळच्याच सारसोळे गावचा. त्याला पॅसेजमध्ये गाठलं. "अरे, त्या पेटीची एकदा तपासणी कर ना."

"म्यॅडम, आयच्यान सांगतो, मना पन वायरचाच डाउट हाय," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "पन धागा तोडील त्याच्या घरात वाईट होनार, असा म्हनलाय त्यो. माझी बायको पोटुशी हाय. नाय जमनार आपल्याला." त्याच्यावर तरी कशी रागावू? त्यालाही तसंच बांधून टाकलं होतं.

पण बाहेर बसवल्याचा एक फायदा झाला. आतल्या लोकांना देव दिसत होता, मला रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. महाराज आले की सगळे काम टाकून उठायचे. त्या वेळी कंप्युटरवर बसलेली मी एकटीच. मी सहज फाइल उघडली, चुटकीसरशी उघडली. चहाच्या वेळी सगळे पँट्रीत गेले, पुन्हा उघडून पाहिली, तशीच. म्हणजे महाराजांइतकी सिद्धी आमच्या चहालाही होती!

पुढच्या खेपेला महाराजांनी निकाल दिला. "सावली काढल्याशिवाय दोष निघणार नाही." शेठनी मला दारात बोलावलं. त्यांचा आवाज पडला होता. माझ्या नवऱ्याला खांदा द्यायला आलेला माणूस हा.

"वैदेहीताई, मना लय वाईट वाटतंय. पन एवढ्या लोकांचा काम अडलाय. तुमी काय ता समजून घ्या."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हटलं, "जाते शेठ. जाण्याआधी एकच करा. आज महाराजांचा मंत्र चालू असताना कोणी उठायचं नाही. सगळ्यांनी काम चालू ठेवायचं."

"अश्रद्धा!" महाराज गरजले. "हात जोडल्याशिवाय एनर्जीचं सर्किट पूर्ण होत नाही!"

"शेठ," मी म्हटलं, "नवी इमारत झाली की लिफ्ट पास करताना तुम्ही रिकामी वर पाठवून बघता, की वजन भरून?"

शेठ थबकले. आयुष्य बांधकामात गेलेला माणूस. "वजन भरून," ते हळूच म्हणाले. मग आवाज चढवून, "बसा रं सगले जागेवर! काम करा!"

महाराजांनी मंत्र म्हटला. फुंकर मारली. पुन्हा मारली. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. महाराजांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "आता सगळ्यांनी कीबोर्डवरून हात वर करा. मंत्र नको." हात वर गेले आणि थोड्याच वेळात नकाशा उघडला. कोणीतरी हसलं, मग हसू पसरलं.

"शेठ, ईशान्य कोपरा देवाचा म्हणून तुम्ही देव्हारा तिथे बसवलात आणि सर्व्हरचं कपाट पलीकडे सरकवलंत. मी परत आले त्याच आठवड्यात. दोन गोष्टी बदलल्या होत्या, तुम्ही फक्त मला बघितलंत. सर्व्हरची तार कुठून गेलीय?"

प्रितेशने मान खाली घातली. "देवार्‍याच्या खालून."

"देवाला हात लावू नकोस. नवी तार जमिनीवरून ने." प्रितेश जागचा हलला नाही. तेव्हा मी उंबरा ओलांडून आत गेले आणि लाल धागा स्वतः तोडला. माझ्या घरात व्हायचं ते वाईट होऊन गेलं होतं. प्रितेशने नवी तार जोडली. केशरी दिवा विझला आणि तिथेच हिरवा लागला. टेबलाटेबलांवर फाइली उघडू लागल्या.

मग देव्हारा सरकवला. संगमरवराखाली तार चपटी झाली होती. तिच्या पोटात आठ बारीक तारा असतात. त्यातल्या काही तुटल्या की यंत्र उरलेल्यांवर कसंबसं, दहापट हळू चालतं. एकट्याला तेवढं पुरतं, सगळे एकदम आले की तुंबतं. आणि दिव्याचा रंग बदलून यंत्र तसं सांगतं. ज्याला आम्ही रोज ओवाळत होतो, ती तुटलेल्या तारेची तक्रार होती.

गडबडीत महाराज कधी निघून गेले ते कळलंच नाही. शेठ माझी खुर्ची स्वतः उचलून आत घेऊन आले. "ताई, चुकलाच आमचा," म्हणाले. "पन बाहेर कोनी विचारला तर महाराजांनी दोष काढला असा सांगू? त्यांची लाज राहील."

"आणि माझी?" मी विचारलं. शेठनी खुर्ची खाली ठेवली आणि ते केबिनकडे वळले.

म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडे काही बिघडलं तर आधी एवढंच विचारा, की त्या सुमारास काय काय बदललं, आणि ते सगळं तपासा. माणसावर बोट ठेवणं सोपं असतं, कारण त्यासाठी देव्हारा सरकवावा लागत नाही. पण ते बोट ज्याच्यावर पडतं, त्याला जायला जागा उरत नाही.

देव्हारा अजून त्याच कोपऱ्यात आहे. वर सगळे दिवे हिरवे आहेत आणि त्यांना कोणी ओवाळत नाही.