विकायला काहीच नसलेली बॅग

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या बाईंनी माझ्या आतल्या कप्प्यातून एक कागद काढला आणि समोरच्या टेबलावर ठेवला. तो काढायचा नाही, असं त्यांना बजावलेलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं, प्रत्येक शिवण दुहेरी. बाईंना ही नोकरी लागली तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला विकत घेतलं. "सांभाळ हिला," ते म्हणाले, "नोकरीत तुझ्यापेक्षा हीच जास्त टिकेल."

बाईंचा हुद्दा लांबलचक आहे: क्षेत्रीय व्यवसाय विकास व्यवस्थापक. त्यांची कंपनी जुन्या इमारतींची तपासणी करते. तपासतात इंजिनिअर, पाच शहरांत फिरून ती कामं मिळवतात बाई. मला सुरुवातीला मोठं कोडं पडायचं. भेटीसाठी ताटकळताना शेजारी औषधवाल्यांच्या, फरशीवाल्यांच्या बॅगा असायच्या. त्यांच्यात बाटल्या किणकिणायच्या, नमुने खडखडायचे. माझ्यात नुसते कागद! एकदा बाईंच्या आत्याने हेच विचारलं, "अगं, पण तू विकतेस तरी काय?"

"दुसऱ्यांची अक्कल, आत्या."

"मग स्वतःची ठेव थोडी शिल्लक!"

माझंही कौतुक झालं. "बॅग बघूनच माणूस भरवसा ठेवतो," असं एक कारखानदार म्हणाले होते. पुढे मात्र माझ्यात चार्जर, ओली छत्री, अर्धवट खाल्लेली बिस्किटं, सगळं कोंबलं जाऊ लागलं. माझं पोट फुगलं, एक शिवण उसवली. कंपनीने नवी कापडी बॅग दिली. बाई तरीही मलाच नेत राहिल्या. का, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या मंगळवारी आम्ही एका रुग्णालयात होतो. तिथल्या जुन्या विभागाच्या भिंतींना तडे गेले होते. तो रिकामा करायचा की रुग्ण तिथेच ठेवायचे, हे तपासणीवर ठरणार होतं. आमच्या कंपनीचे मोठे साहेब खास बोलायला आले होते. ते फारच छान बोलले. माझ्यात दोन याद्या होत्या. पहिलीवर साहेबांचं आणि दोन नामवंत इंजिनिअरांचं नाव होतं. दुसरीवर खरोखर काम करणारी तिघं होती, तिघंही नवी. "पहिलीच दाखवायची, दुसरी काढायची नाही. तपासायला कोण येणार विचारलं तर 'आमची टीम' एवढंच म्हणायचं," साहेबांनी गाडीत सांगितलं होतं. हे काम हातचं गेलं तर बाईंचं पाच शहरांचं कार्यालय बंद होणार, हेही त्यांनी सांगितलं होतं.

रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी चष्मा काढून आमच्या बाईंनाच विचारलं, "हे साहेब स्वतः येणार ना तपासायला?"

साहेब खोकले. बाईंनी माझी चेन उघडली आणि दुसरी यादी पुढे सरकवली.

"साहेब दोनदा येतील. बाकी दिवस ही तिघं. मेहनती आहेत, पण नवी आहेत."

"म्हणजे साहेबांना फक्त बोलायला आणलंत?"

"हो."

डॉक्टरबाईंनी यादी दोनदा वाचली. "मागच्या कंपनीने हे सांगितलं नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. हा राग होता की आणखी काही, ते मला ओळखता आलं नाही.

परतताना साहेब म्हणाले, "पायावर धोंडा पाडून घेतलास. आणि माझ्याही!"

"त्यांनी विचारलं, सर. त्या भिंतीखाली त्यांचे पेशंट झोपतात."



मित्रांनो, तुमच्या घरातल्या बॅगेत वाटेल ते कोंबू नका. उसवलेली शिवण वेळेवर घालून घ्या. आणि अधूनमधून ती पूर्ण रिकामी करून पाहा. आपण काय वाहून नेतो आहोत, हे आपल्याला ठाऊक असावं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता रुग्णालयाचं पत्र आलं. सोमवारी त्या तिघांना भेटायला बोलावलं आहे. साहेबांचा उल्लेख नाही. काम दिलं की नाही, हेही पत्रात लिहिलेलं नाही.