चेस्काचा फ्लेक्स

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहरात कुणाचं मूल कशातही पास झालं की घरचे आधी मला फोन करतात, मग चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जातात. माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. नर्स झालेल्या, वकील झालेल्या, बालवाडीत हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेल्या सगळ्यांचे चेहरे मी मोठे करून दारोदार टांगलेत. त्यामुळे माझ्या सख्ख्या भाचीचा फ्लेक्स परस्पर गल्लीत लागलेला पाहून माझं डोकं किती तापलं असेल ते सांगायला नको. छपाई तर अगदीच भिकार. पोरीचा एक गाल जांभळा.

हा उद्योग आमच्या आईचा, म्हणजे नानायचा. माझ्याकडे आली असती तर मी प्रश्न विचारले असते, म्हणून ती चौकातल्या दुसऱ्या दुकानात गेली. आणि विचारण्यासारखा प्रश्न होताच. माझ्या धाकट्या बहिणीची, मारिविकची मुलगी चेस्का शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या शाळेची प्रवेश परीक्षा पास झाली होती हे खरं. पण तिला तिथे घालायचं की नदीकाठच्या लहान शाळेत, हे अजून ठरलंच नव्हतं. बाप बोटीवर नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "तुम्ही दोघी बहिणी ठरवाल ते," आणि मोकळा झाला.

मारिविक, चेस्का आणि मी दोन्ही शाळा पाहून आलो होतो. मोठ्या शाळेत काय नाही? प्रयोगशाळा चकचकीत, ग्रंथालय दोन मजली. तिथे तुकड्या मार्कांवर पाडतात आणि दर तिमाहीला मुलं वरखाली होतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही उपाहारगृहात डोकावलो. एवढी मुलं, पण आवाज फक्त चमच्यांचा. प्रत्येकाच्या ताटाशेजारी पाठांतराची कार्डं. एकानेही दुसऱ्याच्या ताटातला मासा पळवला नाही. मला ते बघवेना. मारिविक मात्र हरखून गेली. "बघ मानांग, किती शिस्त!" आमच्याकडे थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात.

लहान शाळेत गोंगाट इतका की मुख्याध्यापिका बाईंना ओरडून बोलावं लागलं. मुलं बाईंना नाच शिकवत होती. चेस्का दोन मिनिटांत त्यांच्यात मिसळली. पण प्रयोगशाळेला कुलूप, आणि विज्ञानाच्या बाई नोकरी सोडून दुबईला गेलेल्या. मारिविकचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मुलीला डॉक्टर व्हायचंय आणि शाळेत भिंग नाही, तर आईला धास्ती वाटणारच.

असं सगळं अधांतरी असताना नानायने फ्लेक्स लावला. समोरच्या पेर्लाच्या नातवाचा फ्लेक्स उन्हाने पांढरा पडेपर्यंत लटकत होता, ते तिला सलत होतं. आता सगळी गल्ली अभिनंदनाला लोटली. कुणी शेवया आणल्या, कुणी भाताचा केक. पेर्ला स्वतः आली. "आता हिला पहिल्या तुकडीतच बघायचंय हं आम्हाला!"

चेस्का हसली. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या दाराने, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून जायला लागली. पुढच्या दाराने गेलं की फ्लेक्सवरच्या स्वतःच्याच तोंडाखालून जावं लागायचं.

रविवारी आम्ही सगळ्या जेवायला बसलो होतो. चेस्काने भात चिवडला आणि मला, मावशीला, विचारलं, "तीता, मी तिसऱ्या तुकडीत घसरले तर त्याचाही फ्लेक्स लावावा लागतो का?"

"काहीतरीच काय बोलतेस, इंदाय!" नानाय लाडाने म्हणाली. "तू कशाला घसरशील?"

तेवढ्यात मारिविकने चमचा ताटात आपटला. आमच्या घरात आईसमोर असं कुणी करत नाही.

"तू हेच करतेस, नानाय! मी पाचवीत दुसरी आले, आठवतंय? स्टेजवर येऊन तू मला रिबन लावलीस आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. जीपनी गाडीत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. त्यानंतर मी कधी दुसरी आले नाही. ताप असला तरी परीक्षेला बसले. कशासाठी? परत तुझं ते तोंड बघायला नको म्हणून!"

नानायने आपला चमचा खाली ठेवला.

"अगं, माझे पाय सोलले होते."

"काय?"

"स्टेजवर सगळ्यांच्या आया उंच टाचांचे बूट घालून यायच्या. माझ्याकडे कुठले? पेर्लाचे मागून घातले होते. तिचं पाऊल केवढंसं! टाचेतून रक्त येत होतं. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि लोक म्हणाले असते, पोरगी दुसरी आली म्हणून रडतेय." ती मारिविककडे वळली. "तुझ्यावर राग? अगं, ती रिबन मी उशाला घेऊन झोपले होते."

मारिविकचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. बहीण तापात फणफणत पाठांतर करायची ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, हिला आवडच आहे.

"म्हणजे इतकी वर्षं," नानाय हळूच म्हणाली, "तू त्या बुटांपायी पहिली येत होतीस?"

मारिविक हसायला गेली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने लेकीकडे पाहिलं. "तुला कुठे जायचंय गं?"

"नदीकाठी," चेस्का म्हणाली. एवढे दिवस हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"बरं. त्या बाईंना सांगते, प्रयोगशाळेचं कुलूप उघडा, नाहीतर मी रोज येऊन दारात बसेन." आणि ती बसेल, मला माहीत आहे.

जेवण झाल्यावर मी शिडी धरली आणि नानाय स्वतः वर चढली. मी चढते म्हटलं तर मलाच दटावलं. खाली आणलेला फ्लेक्स आम्ही खुराड्यावर घातला, चेहरा आतल्या बाजूला करून. छप्पर तसंही गळत होतं.

पेर्ला तिच्या दारात येऊन उभी राहिली. "काय गं, फ्लेक्स कुठे गेला?"

"वाऱ्याने गेला," नानाय म्हणाली.

झाडाचं पान हलत नव्हतं. पेर्लाने वर पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि ती आत निघून गेली.

चेस्का चपला घालून बाहेर आली, आजीच्या शेजारून पुढच्या दाराने गल्लीत उतरली आणि खेळायला पळाली.