उलटा सेल

केदारने बटर लावायच्या सुरीने उंदराच्या सापळ्याच्या बुडाचे झाकण उचकटले आणि सापळा ओट्यावर उताणा टाकला. आत चार जाड सेल शेजारी शेजारी बसवलेले होते. प्रत्येक सेल कसा बसवायचा याची खूण प्लास्टिकमध्ये कोरलेली होती. तिसरा सेल त्या खुणेच्या बरोबर उलट होता.

“बाबा, हे काय आहे?”

त्र्यंबकरावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वाकून पाहिले, आणि त्यांचे कान तापले.

“हा मी बसवलेला नाही.”

“मग कुणी? दोन आठवड्यांपूर्वी सेल तुम्हीच बदललेत ना? मी त्या दिवशी अटलांटाला होतो. फोनवर तुम्हाला सांगितलं होतं.”

“बदलले मी. पण असे नाही.”

“जाऊ दे ना, केदार,” त्याची बायको शिवांगी म्हणाली. ती खुर्ची टेबलाखाली सरकवत होती.

दहाच मिनिटांपूर्वी त्या खुर्चीवर दीपा उभी होती. कॅरी या अमेरिकी गावातल्या मराठी मंडळाची ती सेक्रेटरी. मुलाला त्र्यंबकरावांच्या क्लासमधून न्यायला आली होती. चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच फ्रीजखालून उंदीर निघाला आणि तिच्या पावलावरून पॅन्ट्रीत शिरला. “अगं बाई, आमच्याकडे पण होते गं मागच्या वर्षी,” असे ती खुर्चीवरून म्हणाली खरी, पण चहा तसाच टाकून गेली. संध्याकाळपर्यंत ही बातमी कुठवर पोचणार हे केदारच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

“चौदा दिवस!” तो म्हणाला. “रोज सकाळी बघतोय. ऑन केलं की लाइट लागतो. पीनट बटर ताजं घालतो. आणि उंदीर आत येऊन ब्रेकफास्ट करून जातो! मी कस्टमर सर्व्हिसशी चाळीस मिनिटं भांडलो, बाबा. तो माणूस तीनदा विचारत होता, सर, बॅटऱ्या नीट बसवल्यात का? मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, माझ्या वडिलांनी बसवल्यात, ही इज अ सायन्स टीचर!”

शेवटचे शब्द त्र्यंबकरावांना थोबाडीत बसावी तसे लागले.

चाळीसगावच्या शाळेत चौतीस वर्षे त्यांनी विज्ञान शिकवले होते. सेलचे धन टोक कुठले आणि ऋण टोक कुठले, हे ते डोळ्यांवर रुमाल बांधून, नुसत्या अंगठ्याने चाचपून ओळखून दाखवत. पोरे टाळ्या वाजवत. त्याच माणसाला आज पोटचा मुलगा सांगत होता की तुम्ही सेल उलटा घातलात.

या घरात आल्यापासून त्यांनी बरेच गिळले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मायक्रोवेव्हमध्ये स्टीलची वाटी ठेवली आणि ठिणग्या उडाल्या. ठिणग्या का उडतात हेही त्यांनी सांगितले असते, पण कुणी विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून घरभर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या. बाबा, हे बटण नको. बाबा, इथे आधी विचारा. तेही त्यांनी सोसले. आणि उंदीर? पहिला उंदीर दिसला त्याच दिवशी त्यांनी सांगितले होते, “उंदीर भिंतीतून उगवत नाही. भोक शोधा, भोक बुजवा.” केदार हसला होता. विटेच्या आकाराचा हा काळा डबा घेऊन आला होता आणि म्हणाला होता, “बाबा, यात बघायचं नाही, हात लावायचा नाही. आत गेला की शॉक. हिरवा दिवा लुकलुकला की उचलून डायरेक्ट ट्रॅशमध्ये.”

“मी सांगतो काय करू या,” केदारचा आवाज आता खाली आला होता. त्या खाली आलेल्या आवाजाचीच त्र्यंबकरावांना भीती वाटली. “गॅरेजमधलं ते सामान आवरून टाकू. शनिवारचा क्लास थांबवू.”

“का?”

“लोकांची मुलं येतात, बाबा. वायरी, सेल, बल्ब. इथे कुणाला जरा काही झालं तर लोक कोर्टात जातात. आणि तुम्हालाच जर…”

वाक्य त्याने अर्धे सोडले.

गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी, एक घडीचे टेबल होते. दर शनिवारी पाच मुले त्याभोवती बसत. घंटी, विद्युतचुंबक, बटाट्यावर चालणारे घड्याळ. क्लासचा नियम एकच होता. जोडणी झाली की बटण दाबण्याआधी ती उघडी धरून आजोबांना दाखवायची. त्यांनी पाहून ‘लाव’ म्हटल्याशिवाय लावायचे नाही. रविवार ते शुक्रवार या शांत, कार्पेट घातलेल्या घरात ते शनिवारची वाट पाहत बसत.

“थांब,” ते म्हणाले. “दे इकडे. हा माझ्या हातचा नाही, हे मी तुला आत्ता सिद्ध करून देतो.”

सापळा घेऊन ते खिडकीशी गेले. डोके वर्गातल्यासारखे चालू लागले. चारांतला एक सेल उलटा. तो एका सुलट्या सेलशी भांडतो, दोघे मिळून शून्य. उरतात दोन. दोन सेलवर दिवा लागतो, जरासा मंद. पण उंदीर मरेल असा धक्का बसत नाही. कुणी सेल काढूनच टाकला असता तर दिवा लागला नसता आणि केदारला त्याच सकाळी कळले असते. चुकून बसवणारा एवढे नेमके चुकत नाही. हे काम माहीतगाराचे होते.

आणि या घरात हे माहीत असणारे कोण होते?

महिन्यापूर्वीच्या शनिवारी त्यांनी चार सेलची मोठी बॅटरी टेबलावर ठेवली होती आणि एक सेल उलटा घातला होता. “पेटेल का?” मुले ओरडली, “नाही!” पेटली, मिणमिणती. तेव्हा त्यांची नऊ वर्षांची नात आन्या म्हणाली होती, “सो इट लुक्स लाइक इट्स वर्किंग?”

“बरोबर!” त्यांना किती आनंद झाला होता.

त्याच्या आदल्याच आठवड्यात सापळ्यात पहिला उंदीर सापडला होता. सकाळची वेळ, आन्या टोस्ट खात होती. तिने विचारले की आत गेल्यावर उंदराचं काय होतं, आणि शिकवायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. कागदावर सापळ्याच्या तळातल्या दोन धातूच्या पट्ट्या काढून त्यांनी दाखवले, “हा एक पाय इथे, दुसरा इथे. की सर्किट पुरं!”

“सो द माऊस इज द वायर?”

“शाबास!”

तेव्हा तिने टोस्ट खाली ठेवला होता. तो टोस्ट त्यांना आज आठवला.

त्यांनी मान वळवली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर आन्या उभी होती. दोन्ही हातांनी कठडा धरला होता. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, त्यांच्या हातातल्या सापळ्याकडे पाहत होती.

“बाबा? काय सिद्ध करताय?” केदारने विचारले.

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. स्वेटरच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“माझ्याच हातून झालं असेल,” ते म्हणाले. “हल्ली खुणा नीट दिसत नाहीत.”

 केदारचा राग एकदम उतरला, आणि जे त्या जागी आले ते रागापेक्षा वाईट होते.

“असू दे, बाबा,” तो मऊपणाने म्हणाला. “होतं असं. वयच आहे.”

त्याने सापळा त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला, सेल सुलटा केला, झाकण दाबले. हिरवा दिवा लख्ख लागला. “आणखी एक आणतो पॅन्ट्रीसाठी,” असे म्हणून त्याने सापळा बंद करून ओट्यावर ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली. शिवांगी जाता जाता सासऱ्यांच्या खांद्याला हात लावून गेली. तोही हात त्यांना नको होता.

गाडी ड्राइव्हवेतून बाहेर पडल्यावर आन्या खाली आली.

“आजोबा, यू डिडन्ट डू इट.”

“मला माहीत आहे.”

“देन व्हाय…”

“सगळे सेल का नाही काढलेस?” त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारले.

ती दचकली. मग म्हणाली, “लाइट लागला नसता. डॅडला कळलं असतं.”

“दोन उलटे केले असतेस तर?”

तिने बोटांवर जुळवून पाहिले. “टू अँड टू. झिरो. तरी लाइट नाही.”

“म्हणून एक.”

“म्हणून एक.”

त्र्यंबकराव खुर्चीवर बसले. रागवायचे शब्द त्यांच्यापाशी तयार होते, चौतीस वर्षांचे घोटलेले.

“तांदळाची अख्खी पिशवी कुरतडली त्यांनी,” ते म्हणाले. “दीपाकाकू खुर्चीवर चढली. घरात उंदीर नकोत हे तुझ्या डॅडचं खरं आहे. आणि गुपचूप केलंस. मला येऊन सांगायचं होतंस.”

आन्याने मान हलवली. रडू आवरताना तिच्या हनुवटीला खळी पडायला लागली होती.

“पण आजोबा, माऊसला माहीतच नसतं ना,” ती म्हणाली, “की तोच वायर आहे.”

इतक्या वर्षांत वर्गातल्या एकाही पोराने त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी ओट्यावरच्या काळ्या डब्याकडे पाहिले. हात लावायचा नाही, बघायचे नाही. एवढ्या हुशार माणसांनी बनवलेली वस्तू, आणि तिच्यात सगळ्यात हुशारीचे काय, तर आपण काय केले ते आपल्याला दिसू न देणे. त्यांचा राग पुन्हा वर आला. पण आता तो केदारवर नव्हता. निदान एकट्या केदारवर नव्हता. सर्किट पुरं, असे ओरडून शाबासकी देणारा तर घरातलाच होता.

ते उठले. सिंकखालच्या कपाटातून त्यांनी भांडी घासायच्या तारेच्या दोन नव्या घासण्या काढल्या.

“पहिल्या दिवशी मी काय म्हटलं होतं?”

“भोक शोधा,” आन्या नाक पुसत म्हणाली.

“कुणी ऐकलं?”

“नोबडी.”

“मग आपण तरी ऐकू. भोकात ही तार कोंबली की नवा आत येणार नाही. आत आहेत त्यांचं काय करायचं, ते डॅड आला की तिघं मिळून ठरवू. तू बोलशील त्याच्याशी?”

तिने एक घासणी उचलून हातात घेतली. “तुम्ही माझ्या बाजूला उभे राहाल?”

“राहीन.”

कपडे वाळवायचे यंत्र त्यांनी दोघांनी मिळून भिंतीपासून हातभर पुढे ओढले. मागे काळोख होता आणि धुळीचा कोंदट वास. आन्या गॅरेजमध्ये पळाली आणि घडीच्या टेबलावरची मोठी बॅटरी घेऊन आली. जमिनीवर मांडी घालून तिने सेल भरले. एक, दोन, तीन, चार. प्रत्येकाच्या टोकावर आधी अंगठा फिरवून पाहिला. मग झाकण न लावताच, नियमाप्रमाणे, बॅटरी उघडी त्यांच्यापुढे धरली.

त्र्यंबकरावांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला नाही.

“लाव,” ते म्हणाले.

झाकण फिरले, बटण दाबले गेले. भिंत तळापर्यंत लख्ख उजळली आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या कडेला दोन बोटे मावतील एवढे भोक दिसले.