लाल ठिपक्याचा पेला

तुमच्या घरच्या मांडणीवर दहा-बारा स्टीलचे पेले उपडे घातलेले असतात ना, मित्रांनो, त्यांच्यासारखाच मी एक जुना पेला आहे. माझ्या अंगावर दोन पोचे आहेत, काठ एका जागी वाकला आहे आणि बुडाला एक फिकट लाल डाग आहे. पोचे सगळ्याच पेल्यांना पडतात. डागाची गोष्ट मात्र माझ्या एकट्याची आहे आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एवढे आठवते, की आम्ही बारा भाऊ एका खोक्यात बसून वर्ध्याच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत होतो. एके दिवशी जाम गावचे अण्णाजी आले. त्यांच्या घरी मुलगा झाला होता, बारसे तोंडावर होते. दुकानदाराने टर्र करणारे यंत्र हातात घेतले आणि आम्हा बाराही जणांच्या अंगावर 'चि. अंकुश' असे कोरले. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडे घरात आणत नाहीत. कार्याला भांडी शेजारीपाजारी जातात आणि कोरलेले नाव बघून बिनचूक घरी येतात. ज्याच्या नावाचा मी होतो, तो तेव्हा पाळण्यात मुठी चोखत पडला होता.

माझ्यातून तो दूध प्यायला. दात येत होते तेव्हा त्याने माझा काठ चावला, आणि राग आला की मला अंगणात भिरकावले. वाकलेला काठ ही त्याचीच कृपा. पुढे तो मोठा झाला, अण्णाजी गेले, बहीण मोहिनी सासरी गेली. घरात अंकुश आणि त्याची आई विमलाबाई, दोघेच उरले. अंकुश जामच्या हायवेवर एका ढाब्यात स्वयंपाकी झाला. त्याच्या हातची डाळ खायला ट्रकवाले मुद्दाम थांबत, असे विमलाबाई ज्याला त्याला सांगायच्या. त्या दिवसांत आम्ही बारा पेले रोज राखेने घासून लखलखीत असायचो.

मग अंकुशला ताप येऊ लागला आणि तो जाईना. अंगातले सदरे ढगळ झाले. वर्ध्याला तपासणी झाली तेव्हा त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. तो कुठून आला हे त्याने कुणाला सांगितले नाही, आणि मलाही ते विचारावेसे वाटले नाही. माणूस आजारी का पडला यापेक्षा तो आता नीट कसा राहील, हे विचारलेले बरे. त्याला गोळ्यांची बाटली मिळाली. रोज संध्याकाळी एक गोळी, एकही दिवस न चुकता, एवढेच डॉक्टरांचे सांगणे होते.

अंकुशने आईला सगळे सांगितले. विमलाबाई पोटभर रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले, मोहिनीची उरलेली नेलपॉलिशची बाटली शोधून काढली आणि मांडणीवरून हाताला आला तो पेला उचलला. तो मी होतो. त्यांनी माझ्या बुडाला एक लाल ठिपका लावला, तसाच एका ताटाला आणि एका वाटीला लावला. त्या दिवसापासून मी मांडणीवरून उतरलो आणि ओसरीच्या खिडकीत राहायला गेलो. मला धुवायचे वेगळे, ठेवायचे वेगळे. घरातल्या बाराही पेल्यांवर अंकुशचे नाव होते, पण त्याच्या वाट्याला आता मी एकटाच उरलो.

विमलाबाईंना वाईट म्हणू नका, मित्रांनो. त्यांनी कुणाला काही विचारले नव्हते, कारण विचारले तर गल्लीत कळेल अशी त्यांना धास्ती होती. तुपाची धार अंकुशच्याच ताटात जास्त पडायची. फक्त ते ताट त्या ओसरीवर दुरूनच सरकवायच्या.

ढाब्याच्या मालकाला कुठून तरी मोठ्या आजाराची कुणकुण लागली. 'चार दिवस आराम कर' असे तो म्हणाला, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. अंकुश ओसरीवर बसून राहू लागला. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून दारू चोरून, पन्नीत म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून येते. खोटे कशाला सांगू, ज्या अंगात मी दूध आणि ताक धरले त्याच अंगात मला ती दारूही धरावी लागली. पेल्याला नको म्हणता येत नाही. त्यातून अंकुशला कुणीतरी सांगितले होते, की दारू प्यालेल्या दिवशी गोळी घेतली तर ती अंगावर उलटते. म्हणून प्यालेल्या दिवशी तो गोळी घेत नसे. हळूहळू प्यालेले दिवसच जास्त झाले. गोळ्यांची बाटली माझ्या शेजारी खिडकीत भरलेली उभी असायची आणि अंकुश पुन्हा वाळत चालला होता. मला ते दिसत होते, आणि त्याच्या आईलाही.

भाद्रपद आला. शेजारच्या देवकाबाईंकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी बसल्या. आमच्या भागात महालक्ष्म्यांचे जेवण म्हणजे अख्खी गल्ली. विमलाबाईंनी सकाळीच अकरा पेले मोजून देवकाबाईंकडे पोचवले आणि स्वतः मदतीला गेल्या. अंकुश घरात पडून होता. पहिली पंगत बसतानाच देवकाबाईंना पेले कमी पडले. त्या धावत आमच्या ओसरीवर आल्या, खिडकीत मी दिसलो, अंगावर ओळखीचे नाव दिसले. शेजारीण आणखी काय बघणार? उचलले आणि गेल्या.

मी पंगतीत बसलो, मित्रांनो! कितीतरी महिन्यांनी माझ्या आजूबाजूला माणसे होती, पुरणपोळीचा वास होता. माझ्या पुढ्यात किराणा दुकानवाले भैय्याजी बसले होते. त्यांनी दोन वाट्या आंबील संपवली, मला उचलले आणि मान मागे टाकून, पांढऱ्या मिशा भिजवत माझ्यातले पाणी गटागटा प्यायले. समोरून विमलाबाई कढी वाढत येत होत्या. माझे बूड वर झाले आणि त्यांना लाल ठिपका दिसला.

त्यांच्या हातातले ओगराळे बादलीत पडले. ओरडावे तर मुलाचा आजार गल्लीभर होणार, गप्प बसावे तर भैय्याजींचे काय होणार? त्या उभ्याच राहिल्या. तेवढ्यात पंगत उठली, कुणीतरी सगळे पेले टोपल्यात भरून विसळले, आणि दुसऱ्या पंगतीत मी कुठे गेलो ते त्यांना कळलेच नाही. पुढे तिसरी पंगतही झाली. मला खरे तर मजा वाटत होती. त्या मात्र वाढता वाढता वाकून प्रत्येक पेल्याचे बूड शोधत होत्या.

संध्याकाळी मी बिनचूक घरी आलो आणि पुन्हा खिडकीत बसलो. पुढचा आठवडा विमलाबाईंनी कसा काढला ते मी तिथून पाहिले. रोज काहीतरी निमित्त काढून त्या समोरच भैय्याजींच्या दुकानात जायच्या आणि त्यांचा चेहरा न्याहाळायच्या. निमित्त तरी किती सापडणार? बहुतेक वेळा मिठाचीच पुडी घरी यायची. एकदा भैय्याजी शिंकले, तर या घरी येऊन देवापुढे बसल्या. शेवटी भैय्याजींनाच राहवले नाही. एके सकाळी ते आमच्या ओसरीवर आले.

"विमलाबाई, आठ दिवसात पाच पुड्या मीठ नेलं तुमी. येवढं मीठ चांगलं नाई. बीपी वाढते. एकदा दाखवून या वर्ध्याले."

"तुमची तब्येत बरी हाय ना भैय्याजी?" विमलाबाईंनी विचारले.

"मले काय धाड भरली? घोड्यासारका आहो," असे म्हणून भैय्याजी गेले.

ते गेले तशा विमलाबाई ओसरीवर मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. अंकुश उठून बाहेर आला. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता.

"काय झालं आई? काऊन रडून राह्यली?"

"मी गल्लीचा घात केला रे बाप्पा! तुह्या गिलासात भैय्याजी पाणी प्याले. अजून कोन कोन प्यालं, देवालेच ठाव."

अंकुशने खिडकीतल्या माझ्याकडे बघितले. मग खाली बसला.

"गिलासानं काई होत नाई, आई. मले वर्ध्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनं पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं."

"मंग तू बोलला काऊन नाई?"

"तू गिलासाले ठिपका लावला ना, तवा मले वाटलं, आईलेच येवढं भेव वाटते, तर आपन काय बोलावं? मंग मलेबी माह्यंच भेव वाटाले लागलं."

आपण लावलेला ठिपका पेल्याच्या बुडाला नसून पोराच्या जिवाला लागला, हे विमलाबाईंना त्या क्षणी कळले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण आठवडाभराची भीती अशी एका वाक्याने जात नाही. त्यांनी मला फडक्यात गुंडाळले, पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "चाल. त्या मॅडमच्या तोंडून ऐकू दे मले."

एसटीने आम्ही तिघे वर्ध्याला गेलो. दवाखान्यातल्या त्या केंद्रात मंजुषा मॅडम रुग्णांशी बोलायला असतात. विमलाबाईंनी मला त्यांच्या टेबलावर ठेवले आणि पंगतीची सगळी हकिगत सांगितली.

"तिन्ही पंगती झाल्या?" मॅडमनी विचारले.

"तिन्ही," विमलाबाई म्हणाल्या.

"काकू, तीनशे पंगती झाल्या असत्या तरी काही झालं नसतं. एकत्र जेवल्यानं, एका पेल्यानं पाणी प्यायल्यानं, जवळ घेतल्यानं हा आजार होत नाही. भैय्याजींना काही झालेलं नाही, होणारही नाही."

विमलाबाईंनी हे दोनदा वदवून घेतले. जीव भांड्यात पडला असे तुम्ही म्हणता ना, त्या दिवशी तो बहुतेक माझ्यातच पडला असावा. मंजुषा मॅडम मात्र थांबल्या नाहीत. त्या अंकुशकडे वळल्या.

"गोळ्यांची बाटली दाखवा."

अंकुशने ती खिशातून काढली. ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती. अंकुशने मान खाली घालून दारूचे आणि गोळी चुकवण्याचे सांगितले.

"दारू वाईटच. पण प्यालात त्या दिवशी तर गोळी मुळीच चुकवायची नाही. चुकली की आजार डोकं वर काढतो," त्या म्हणाल्या. "आणि दारू नुसत्या शपथेनं सुटत नाही, अंकुशभाऊ. एकदम तोडलीत तर त्रास होतो. त्याचेही डॉक्टर इथंच आहेत. त्यांना भेटूनच जा."

त्या रागावल्या नाहीत. रागावतील म्हणून अंकुश गेले दोन महिने तिकडे फिरकलाच नव्हता.

परत येताना बसस्थानकावर विमलाबाईंनी मला पिशवीतून काढले, नळाखाली विसळले आणि भरून अंकुशपुढे धरले. तो अर्धे पाणी प्यायला आणि उरलेले सवयीने ओतून द्यायला वाकला. विमलाबाईंनी त्याचा हात धरला.

"आन इकडे. लहानपनी तुह्यं उष्टं दूध मीच पेत होतो."

आणि माझ्या वाकलेल्या काठाला ओठ लावून त्या उरलेले पाणी प्यायल्या. अंकुशने तोंड फिरवले आणि नागपूरच्या बसची पाटी फार लक्ष देऊन वाचू लागला. आम्हाला जायचे होते जामला.

घरी आल्यावर विमलाबाईंनी विळीच्या टोकाने माझ्या बुडाचा ठिपका खरवडला. तो पुरता गेला नाही, पण त्यांनी मला अकरा भावांच्या मधोमध उपडे घातले. ताट आणि वाटीही मांडणीवर आली. अंकुश ओसरीऐवजी घरात, आईच्या शेजारी जेवायला बसू लागला.

सगळे एका दिवसात सरळ झाले, असे मी सांगणार नाही. दिवाळीत अंकुशचा पाय घसरला, पन्नी पुन्हा घरात आली. पण त्या संध्याकाळीही त्याने गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पायाने वर्ध्याला जाऊन सांगून आला. होळीनंतरच्या तपासणीत त्याच्या रक्तातला विषाणू इतका कमी झाला होता, की यंत्राला सापडलाच नाही. मंजुषा मॅडमनी तो कागद विमलाबाईंना वाचून दाखवला. सदरे पुन्हा अंगाला बसू लागले. आता तो लग्नकार्यांच्या स्वयंपाकाची कामे घेतो. या भाद्रपदात देवकाबाईंकडची कढी त्यानेच केली, आणि विमलाबाईंनी पेले मोजून दिले ते बारा. भैय्याजी तीन वेळा कढी प्यायले आणि मीठ अगदी बेताचे आहे म्हणाले.

त्यांना अजूनही काही माहीत नाही. ते सांगायचे की नाही, हे अंकुश ठरवील. ती त्याची गोष्ट आहे. मी तुम्हाला सांगितली, ती विश्वासाने.

मित्रांनो, घासायला राख, पुसायला फडके आणि बसायला मांडणी, एवढे मिळाले की पेल्याचे भागते. माणसाचे तेवढ्याने भागत नाही. तुमच्या घरात, वर्गात कुणी आजारी असेल तर भीती वाटू द्या हवी तर, पण ती मनात धरून बसू नका. जाणत्याला जाऊन विचारा. आणि तोवर कुणाचा पेला वेगळा काढू नका.

पूर्वी अंकुशची रोजची गोळी माझ्याच पाण्याने घशाखाली जायची. आता तो मांडणीकडे न बघता हात घालतो आणि हाताला येईल तो पेला घेतो. काल त्याच्या हाती माझ्या शेजारचा भाऊ लागला. मी तसाच उपडा बसून होतो, कोरडा, आणि मला इतके बरे आयुष्यात कधी वाटले नव्हते.