आधी विचारायचं

वालेत फुटबॉल क्लबच्या मैदानासमोर बू लास्त्रीची, म्हणजे लास्त्रीकाकूंची, टपरी आहे, आणि त्या टपरीत बातमीदार मर्गोनोचं ठरलेलं बाकडं. क्लबचं ऑफिस मैदानात असेल, पण क्लबच्या बातम्या राहतात त्या बाकड्यावर, असं केदिरी शहरात म्हणायचे. म्हणायचे! आता कसल्या बातम्या अन् कसलं काय. खेळाडू आला, गेला, लंगडला, त्याला पोरगी झाली, सगळं क्लब स्वतःच फोनवर टाकून मोकळा. मर्गोनोच्या पेपरात ती छापून येईपर्यंत बातमी पार शिळी.

संपादक हुतापेआ फटकळ माणूस, पण वडीलधाऱ्याला 'पाक' म्हणायला चुकत नाही. परवाच म्हणाला, "पाक मर्गोनो, क्लबच्या आधी एक बातमी आणा. एकच! नाहीतर ते पान मी त्यांच्याच पोस्टवरून भरीन. फुकट मिळतं हो ते. मग तुम्हाला ठेवू कशाला, सांगा."

मर्गोनो काय सांगणार? वालेतशिवाय दुसरं त्याला येतच काय होतं!

आणि आज सकाळी बातमी आपल्या पायांनी चालत आली. कर्णधार गालिह टपरीत शिरला, बू लास्त्रीपुढे वाकला, तिचा हात कपाळाला लावून म्हणाला, "बू, कधी बोलण्यात काही चुकलं असेल तर माफ करा." वालेत सोडून जाणारा प्रत्येक जण असाच निरोप घेतो, आणि जाणार नसलेला कुणी घेत नाही. बू लास्त्रीनं सोयाबीनचे टेंपे तळायचा झारा खाली ठेवला. "कुठे रे?"

"मकासरला, तिथल्या क्लबकडे." गालिहला बाकड्यावरचा मर्गोनो दिसला. "छापा, पाक. क्लबनं अजून कुणाला सांगितलं नाहीये."

तो गेला. वाचलो, मर्गोनोला वाटलं, या वयात वाचलो एकदाचा! त्यानं फोन काढला.

"कुणाला लावताय?" बू लास्त्रीनं विचारलं.

"क्लबला. त्यांचं म्हणणं नको का घ्यायला?"

"अहो, मांजराला विचारून दूध ठेवणार का? छापून मोकळे व्हा!"

"दुसऱ्या बाजूला न विचारता मी आजवर एक ओळ छापली नाही, बू."

आता या माणसाला काय म्हणावं! शहाणा म्हणावं तरी पंचाईत, खुळा म्हणावं तरी पंचाईत.

क्लबचं बातम्यांचं काम तियास बघते. पूर्वी ती पेपरातच उमेदवारी करायची, याच बाकड्यावर मर्गोनोशेजारी बसून शिकलेली. तिनं ऐकून घेतलं. "पाक, दहा मिनिटं द्या. वर विचारते."

त्यानं दिली. कॉफी मागवली. ग्लासातला गाळ खाली बसायच्या आत टपरीतले सगळे फोन एकदम वाजायला लागले. "अरे, गालिह चालला मकासरला!" एक रिक्षावाला ओरडला. क्लबनं टाकलं होतं. फोटो, हार, 'धन्यवाद, कर्णधार.'

हातातोंडाशी आलेला घास गेला. मर्गोनोनं पुन्हा फोन लावला.

"हे काय केलंस गं, तियास?"

"मी फक्त वर विचारलं, पाक. तुम्हीच शिकवलंत ना, आधी विचारायचं." ती घाईघाईनं म्हणाली. "ते म्हणाले, लगेच टाक. मी काय करू?"

गुरूची विद्या गुरूलाच! तिच्यावर चिडायला गेला, पण ते त्याला जमेना.

हुतापेआनं ऑफिसात बोलावून घेतलं. "विचारलंत कशाला त्यांना?"

"न विचारता छापू?"

हुतापेआनं चष्मा काढून पुसला. "उद्यापासून येऊ नका, पाक. वरूनच आलंय. माझ्या हातात काही नाही." हातात कुणाच्याच काही नव्हतं, ना तियासच्या, ना याच्या. ते 'वर' बसलेले कोण असतात ते एकदा तरी बघायला मिळावं.

मर्गोनोनं स्कूटर घरी हळूहळू नेली. बायकोला, वेनिंगला, कसं सांगायचं? आधी जेवू. मग तिला शेजारी बसवून सांगू. निदान ही बातमी तरी आपली आहे, आपण आपल्या तोंडानं द्यायची.

वेनिंग दारातच उभी होती, हातात फोन. पडद्यावर टपरीतलं बाकडं आणि त्यावर तो, हसणारा. खाली लिहिलेलं, 'पाक मर्गोनो, इतक्या वर्षांच्या साथीबद्दल वालेत परिवाराकडून आभार. निवृत्तीच्या शुभेच्छा.' उद्याच्या पानासाठी क्लबला फोन करून हुतापेआनंच सांगितलं असणार, दुसरं काय.

"सगळ्या गल्लीनं वाचलं," वेनिंग म्हणाली. "शेजारीण सांत्वनाला पण येऊन गेली. मी तिला म्हटलं, लिहिलंय म्हणून खरं मानायचं नसतं. आधी त्यांना विचारीन." तिनं फोन पाठीमागे धरला. "खरं आहे का हो?"

मर्गोनोला वाटलं, नाही म्हणावं. एकदा, फक्त एकदा वालेतची बातमी खोटी पाडावी.

"हो," तो म्हणाला, "बरोबर दिलीय त्यांनी."