एका नावाच्या तिघी

तिघींचं नाव एक, आडनावही एक, आणि नात्यानं कुणी कुणाची कुणी नव्हे. एक लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर, दुसरी रंगभूमी गाजवलेली नटी, आणि तिसरी ऐन तारुण्यात समुद्राची खाडी पोहून पार केलेली. या तिसरीला घरचेदारचे सगळे लहानपणापासून मासोळी म्हणत. ही गोष्ट तिची आहे.

एका वर्तमानपत्रानं रविवारच्या पुरवणीसाठी तिघींना एका बाकावर बसवून फोटो काढला होता. अशा ओळखी फोटोपुरत्या असतात, पण ही टिकली. मग कोण कोणाच्या नावावर खपलं याचे किस्से त्या एकमेकींना सांगायच्या. नटीच्या शेजारच्या आजोबांनी तिला आपला खोकला ऐकवला, तर तिनं डोळे मिटून, मान डोलावून, ‘गरम पाणी प्या आणि बोलणं कमी करा’ असं सांगितलं. आजोबा बरे झाले आणि ती वर्षभर फुशारक्या मारत हिंडली. डॉक्टरला एका समारंभात पोहण्याविषयी दोन शब्द बोलायला उभं केलं. “मला बादलीतल्या पाण्याचीसुद्धा भीती वाटते,” एवढं बोलून ती खाली बसली.

मासोळीच्या वाट्याला मात्र फोन आले. तिचा नंबर इंटरनेटवर कुठंतरी डॉक्टरच्या नावासमोर जाऊन बसला होता आणि काही केल्या निघेना. आठवड्यातून दोन-तीनदा कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप रडकुंडीला येऊन विचारायचा. ती शांतपणे सांगायची, “मी ती नव्हे. मी पोहायला शिकवते. थांबा, रुग्णालयाचा नंबर देते.” डॉक्टर हसून म्हणायची, “तू माझी बिनपगारी दरवान आहेस गं.” मासोळीलाही त्याचं काही वाटत नसे. नवरा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. तरणतलावावरच्या पोरांचा सकाळचा गलबला संपला की दिवस अंगावर यायचा.

नवरा गेला तोही रुग्णालयातच. आत चालत गेलेला माणूस. बाहेर आली ती एक पिशवी. तिच्यात चष्मा, घड्याळ, चपला. पिशवी देणारा म्हणाला, “इथं सही करा.” ती तिथंच बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली होती, आतून कुणीतरी येईल आणि दोन शब्द बोलेल म्हणून. कुणी आलं नाही.

त्या दुपारी ती ओले कपडे वाळत घालत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडून एक बाई बोलत होती. आवाज अगदी सपाट होता, रडून संपलेल्या माणसाचा असतो तसा.

“डॉक्टरबाई, मी बोलतेय. छोट्याची आई.”

“अहो, ऐका, मी ती...”

“काही सांगू नका. सगळ्यांनी सगळं सांगून झालंय. गुठळी झाली, नशीब होतं, देवाची मर्जी. तुम्ही ऑपरेशन केलंत, तो हसला, पाणी मागितलं. आणि तिसऱ्या दिवशी एक पोरगेलासा माणूस बाहेर येऊन म्हणाला, सॉरी. तुम्ही एकदाही बाहेर आला नाहीत. मी जिन्यात बसले होते. तुम्ही माझ्या समोरून गेलात.”

मासोळीच्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला.

“मला भांडायचं नाही,” बाई म्हणाली. “मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. चूक झाली असं म्हणा. एवढंच म्हणा. मग मी झोपेन.”

मासोळीनं तोंड उघडलं ते ‘मी डॉक्टर नव्हे’ हेच सांगायला. पण तिच्या डोळ्यांसमोर ती पिशवी आली, तो बाक आला, आणि तोंडातून भलतंच निघालं.

“चूक झाली,” ती म्हणाली. “मी यायला हवं होतं तुमच्याकडे. माझं चुकलं. मला माफ करा.” आणि तिला रडू फुटलं, ते मात्र अगदी खरं होतं.

मग बाई म्हणाली, “बरं झालं बोललात,” आणि फोन बंद झाला. मासोळीला वाटलं, आपण एक चांगलं काम केलं. तिनं टॉवेल पिळला, दोरीवर टाकला आणि पोटभर जेवली.

बाईच्या शेजारी तिचा नवरा बसला होता आणि फोनवरचं सगळं बोलणं त्यानं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, हे मासोळीला कळलं ते वर्तमानपत्रातून. ‘नामवंत शल्यविशारदाची फोनवर कबुली’ असा मथळा होता. बापानं तक्रार केली होती, चौकशी नेमली गेली होती, आणि ती संपेपर्यंत डॉक्टरनं शस्त्रक्रिया करायच्या नाहीत असा हुकूम निघाला होता. फोन कुणाच्या नावावर आहे हे चौकशीवाल्यांनी पाहिलं होतं. नाव तेच, आडनाव तेच. पुढं कुणाला कशाला शंका येते?

डॉक्टरकडे जायचा तिला धीर होईना; ती उठली ती थेट नटीच्या घरी गेली. नटी आरशासमोर केस विंचरत होती. सगळं ऐकल्यावर तिनं कंगवा खाली ठेवला.

“कुणाला बोललीस?”

“तुलाच.”

“मग तिथंच ठेव. वेडी आहेस का? दुसऱ्याच्या नावानं कबुली दिलीस तू. तुरुंगात टाकतील.”

“दुसऱ्याच्या कुठं? नाव माझंही तेच आहे.”

“हा विनोद त्यांच्यासमोर करू नकोस,” नटी म्हणाली. “अगं, ती मोठी बाई आहे. तिच्यामागं वकील आहेत, रुग्णालय आहे. ती यातून सहीसलामत सुटेल. तुझ्यामागं कोण आहे? चार दिवस गप्प बस. लोक विसरतात.”

भित्याला एवढा आधार पुरतो. मासोळी गप्प बसली.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, घाईतला, नेमका.

“मला ते रेकॉर्डिंग अजून ऐकवलेलं नाही. सुनावणीत ऐकवणार म्हणतात. मी त्या बाईशी एक शब्दही बोललेले नाही. तुला तर नव्हता ना तिचा फोन आला?”

इथं ती ‘हो’ म्हणाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. प्रश्न सरळ होता आणि विचारणारी मैत्रीण होती.

“नाही गं,” मासोळी म्हणाली. “मला नाही आला.”

“बरं,” डॉक्टर म्हणाली. आणि वर म्हणाली, “तू काळजी करू नकोस.”

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. तलावावर ती पोरांवर उगाच ओरडायला लागली. अन्न गोड लागेना. फोन येतच राहिले. आता लोक विचारायचे, मॅडम, खरं का हो ते? एकदा एका माणसाचा फोन आला. गाड्या दुरुस्त करणारा होता, मागं हातोड्याचे आवाज येत होते. त्याच्या मुलीची शस्त्रक्रिया ठरली होती ती पुढं ढकलली होती. “दुसरे डॉक्टर म्हणतात, हे त्यांच्या हातचं काम नाही. तुम्ही परत कधी सुरू करणार, मॅडम? पोरीचे ओठ निळे पडतात हो.” मासोळीनं त्याला रुग्णालयाचा नंबर दिला. त्याच्याकडे तो आधीच होता.

काही दिवसांनी तोच माणूस पुन्हा बोलला. या वेळी मागं काही आवाज नव्हता.

“मॅडम, तारखेसाठी मागं लागलो होतो ना मी. आता नको, एवढं सांगायला फोन केला. तुमचा वेळ जायला नको म्हणून.”

तो माणूस तिची माफी मागून फोन ठेवत होता.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. पण चौकशीवाल्यांकडे जाण्याआधी तिला छोट्याच्या आईकडे जायचं होतं. भरल्या खोलीत, परक्या माणसांसमोर त्या बाईला हे कळावं, हे तिला सोसवेना. तिनं फोन करून पत्ता मागितला. बाईनं लगेच दिला.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. दार बाईनंच उघडलं. खिडकीशी शिवणयंत्र होतं, त्यावर अर्धवट शिवलेला छोटा सदरा, सुई अजून त्यात रुतलेली. नवरा कामावर गेला होता. बाईनं तिला निरखून पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही डॉक्टर नाही. डॉक्टरांना मी पाहिलंय.”

“नाही,” मासोळी म्हणाली. “पण फोनवर मीच होते.”

मग तिनं सगळं सांगितलं. नावाचं, नंबरचं, ‘मी ती नव्हे’ असं सांगायला गेली होती तेही. स्वतःच्या नवऱ्याचं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, ही आता अंगावर धावून येईल, शिव्या देईल. तिला तेच हवं होतं.

बाई यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली.

“म्हणजे त्या नाहीच म्हणाल्या,” ती म्हणाली. “चूक झाली, असं.”

“नाही.”

“कुणीच नाही म्हणालं.”

“मी म्हणाले. मनापासून म्हणाले, ताई.”

“तुमचा काय संबंध?” बाईनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. “माझं पोर तुम्ही पाहिलंही नव्हतं. मी त्या दिवसापासून झोपत होते, माहितीय? पहिल्यांदा झोपत होते. नवरा ते रेकॉर्डिंग लोकांना ऐकवत हिंडतो, मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, त्यांनी माणुसकीनं मान्य केलं, तू बाजार मांडलास. आता मी कशावर झोपू?”

मासोळीनं बाईचा हात धरायला हात पुढं केला. बाईनं आपला हात मागं घेतला. “जा,” ती म्हणाली. “तिकडं काय सांगायचं ते सांगा. इथून जा.”

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं, त्याच्या पलीकडे तीन माणसं, बाजूला पाण्याचे पेले. मासोळीनं सांगितलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. मैत्रिणीला वाचवायला आली असेल, असं एकजण उघडच म्हणाला. मग त्यांनी तिला तीच वाक्यं पुन्हा बोलायला लावली. “चूक झाली. मी यायला हवं होतं तुमच्याकडे.” ती बोलली आणि लगेच रेकॉर्डिंग वाजवलं गेलं. डॉक्टर समोरच बसली होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

कागदपत्रं तपासून झाली होतीच. शस्त्रक्रियेत कुणाचीही हयगय झालेली नव्हती. डॉक्टर निर्दोष ठरली. हुकूम त्याच दिवशी मागं घेतला गेला.

मासोळीनं तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

“मी तुला विचारलं होतं,” डॉक्टर म्हणाली.

“हो.”

“तू नाही म्हणालीस.”

“मी घाबरले. मला काय शिक्षा करायची ती कर. पण गं... त्या दिवशी तू का नाही गेलीस तिच्याकडे? ती जिन्यातच बसली होती.”

डॉक्टरच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“दुसरं मूल टेबलावर होतं,” ती म्हणाली. “छाती उघडलेली होती. मी धावत वर चालले होते. ते वाचलं. खाली आले तोवर ही माणसं निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं, मग त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं. ते माझं चुकलं, आणि ते मी आत लिहूनही दिलंय.”

“एका मुलीच्या बापाचा मला फोन आला होता. गाड्या दुरुस्त करतो तो...”

“ती एकटी नव्हती,” डॉक्टर म्हणाली. “आणखी एक मुलगा होता. तो आधीच गेला. माझे हात धड होते आणि मी घरी बसून होते. ही दोन मुलं कुणाच्या नावावर मांडायची, ते सांग मला. आपल्या दोघींचं एकच आहे.”

डॉक्टरनं पिशवी खांद्याला अडकवली. “वॉर्डात माणसं थांबलीत,” ती म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर ती मासोळीशी कधी बोलली नाही. नटीचे फोन आले. ते मासोळीनं घेतले नाहीत.

बातमी छापून आली तेव्हा तलावावरचे आईबाप एकेक करून आपली मुलं काढून घेऊ लागले. व्यवस्थापक भला माणूस होता. “काही दिवस आराम करा, बाई,” तो म्हणाला, आणि ते दिवस संपलेच नाहीत.

छोट्याच्या बापानं आता तिच्याविरुद्ध तक्रार केली. तिनं वकील घेतला नाही. सुनावणीच्या दिवशी ती वेळेआधी जाऊन बसली आणि दाराकडे बघत राहिली. बाप एकटाच आला. अंगात इस्त्रीचा सदरा होता, त्याचं एक बटण तुटलेलं. नावाचा पुकारा व्हायला अवकाश होता. ती उठून त्याच्यापाशी गेली.

“ताई नाही आल्या?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग असेल असं तिला वाटलं होतं. राग नव्हता, नुसता थकवा होता.

“तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून ती बोलत नाही,” तो म्हणाला. “माझ्याशी नाही, तिच्या आईशी नाही, कुणाशीच नाही. मी जेवायला वाढतो, जेवते. झोप म्हटलं की आडवी होते, आणि डोळे उघडे ठेवते.”

आतून पुकारा झाला. दोघं एकामागून एक आत गेले.