गार न लागणारा टिकी

माझ्या आईच्या, पिरिहिराच्या, गळ्यातला टिकी हिरव्या पाषाणाचा होता. बोटभर लांबीचा, मान कलती केलेला माणूस. त्याला आमच्या पणजीचं नाव होतं. रोज सकाळी तो छातीला टेकला की आई "हूऽऽ" करायची आणि म्हणायची, "आली गं बाई, म्हातारी!" घटकाभरात दगड अंगाइतका उबदार व्हायचा.

१९६८ साली मी आमच्या गावी, रोटोरुआत, डेंटन नावाच्या गोऱ्याच्या दुकानात प्लॅस्टिकचे टिकी विकायची. टोपलीत ढिगाने पडलेले, लाल डोळ्यांचे, सगळ्यांचा चेहरा एकच. पर्यटक मूठ-मूठभर न्यायचे. चुलतबहिणीच्या लग्नाच्या आठवड्यासाठी आईने आपला टिकी माझ्या गळ्यात घातला आणि मी तो तसाच घालून कामावर गेले.

"दोन दिवस दे," डेंटन म्हणाला. "साचा काढतो. माझ्या मालाला जरा खानदानी चेहरा येईल."

आम्हा इथल्या मूळच्या लोकांत अशी वस्तू मागितली की देतात. या घरच्या लग्नाला, त्या घरच्या मयताला ती जाते आणि फिरून येते. परत कधी देणार, हे विचारणं म्हणजे अपमान. मी दिला.

तिसऱ्या दिवशी त्याने परत केला. तीच चीर, दोरीने झिजलेलं तेच भोक. पण तळहाताला गार लागेना. मी उलटपावली त्याच्याकडे गेले. "हाच तर दिलास, पोरी," तो म्हणाला. महिन्याभरात दुकान विकून तो समुद्रापार गेला.

आईला मी काही बोलले नाही. ती टिकी घालताना दाराआड श्वास रोखून उभी राहिले.

"हूऽऽ. आली गं बाई, म्हातारी!"

मी सुटले. तीस वर्षं रोज सकाळी सुटत राहिले.

शेवटच्या आजारात तिने तामाती मामाला बोलावलं. आमच्या घरची रीत अशी, की टिकी मयताच्या छातीवर ठेवायचा आणि पेटीचं झाकण लावण्याआधी काढून लेकीच्या गळ्यात घालायचा.

आई म्हणाली, "माझा काढायचा नाही. माझ्याबरोबर येईल."

"ताई, डोकं फिरलं का तुझं? सहा पिढ्यांची वस्तू मातीत घालू?"

"तुझ्या बायकोचा डोळा आहे त्याच्यावर, म्हणून तडफडतोयस."

"तिला जाऊन नऊ वर्षं झाली!"

"म्हणून काय तिचा डोळा गेला होय?"

मामा हसला, मग रडला आणि कबूल झाला.

तो बाहेर गेल्यावर आईने मला जवळ ओढलं. "तीस वर्षं गार लागल्याचं सोंग केलं गं, हुहाना. दमले बघ."

"आई, मी..."

"गप. झाकणाखाली कोण बघायला येतंय?"

टिकी छातीवर तसाच ठेवून झाकण लावलं. बायका माझ्या रिकाम्या गळ्याकडे बघत होत्या. लेकीने आईचं मन दुखवलं असणार, असं त्यांना वाटलं. मी वाटू दिलं.

डेंटनच्या टोपलीतले ते प्लॅस्टिकचे टिकी आता जुन्या वस्तूंच्या दुकानात 'जुने' म्हणून काचेच्या कपाटात मांडतात. मी तिथून लवकर पुढे जाते. पण हिवाळ्यात सकाळी कोटाचं गार बटण गळ्याला टेकलं, की तोंडातून "हूऽऽ" निघून जातं. पुढचं वाक्य मी बोलत नाही.